मुक्कामी गाडी

“शाळेची गाडी हो ती. शाळा बंद, गाडी बंद.”

कोकणातल्या एका तालुक्याच्या एसटी स्थानकावर, मे महिन्यातल्या भर दुपारी, चौकशीच्या खिडकीतून मला हे उत्तर मिळालं. मागच्या भिंतीवरच्या फलकावर तर स्वच्छ लिहिलेलं होतं की किनाऱ्यावरच्या त्या गावाला सव्वादोनची गाडी आहे. मी सकाळपासून त्या सव्वादोनच्या भरवशावर होतो. जेवण उरकलं होतं, पाण्याची बाटली भरून घेतली होती, बसायला खिडकी कुठल्या बाजूची धरायची हेही ठरवून ठेवलं होतं. मग पुढची गाडी कधी? “साडेपाच. मुक्कामी.” आणि तिथून परत? नियंत्रकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मुक्कामी म्हटलं ना? सकाळी येईल परत.”

माझं परतीचं आरक्षण त्याच रात्रीच्या रेल्वेचं होतं. समुद्र तिथून वीस किलोमीटरवर होता आणि तो त्या खेपेला मला दिसला नाही.

राग अर्थातच आला. वेळापत्रक नीट ठेवत नाहीत, फलक पुसत नाहीत वगैरे नेहमीचं सगळं मनात म्हणून झालं. पुढे त्या भागात बरेच फिरलो, तेव्हा कळलं की वेळापत्रकात चूक काही नव्हती. ते माझ्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. कोकणात स्वतःची गाडी न घेता फिरायचं तर ही एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. ती समजली की बाकीचं आपोआप जुळतं. नाही समजली तर हातातल्या फोनवर कितीही नकाशे असोत, माणूस स्टँडवरच बसून राहतो.

गावाची गरज काय असते ते पाहा. सकाळी तालुक्याला जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. कॉलेजची मुलं, तहसील कचेरीत दाखल्यासाठी निघालेला माणूस, कोर्टाची तारीख असलेला म्हातारा, दवाखाना, बाजार, सगळ्यांचा ओघ सकाळी गावातून शहराकडे आणि संध्याकाळी शहरातून गावाकडे. एसटीच्या फेऱ्या याच ओघावर बसवलेल्या असतात. पर्यटकाला हवं असतं नेमकं उलटं. सकाळी तालुक्याच्या गावातल्या लॉजमधून उठून समुद्रावर जायचं, अंधार पडला की परत यायचं. म्हणजे तो रोज वेळापत्रकाच्या प्रवाहाविरुद्ध पोहत असतो. त्यात दुपारच्या ज्या एक-दोन फेऱ्या त्याच्या उपयोगाच्या, त्या बहुधा शाळा सुटण्याच्या वेळेला धरून लावलेल्या. तो येतो मे महिन्यात किंवा दिवाळीत, म्हणजे शाळांना सुट्टी असताना. शिवाय सुट्टीत मुंबई-पुण्याला जादा गाड्या सोडायच्या असतात, त्यासाठी आगारातल्या गाड्या कुठून तरी काढाव्या लागतात. त्या शाळेच्या फेऱ्यांमधूनच निघतात.

आता मुक्कामी गाडीबद्दल. काही भागांत तिला वस्तीची गाडी म्हणतात. संध्याकाळी तालुक्याहून निघून शेवटच्या गावात पोचणारी आणि रात्रभर तिथेच थांबणारी ही गाडी म्हणजे एसटीच्या वेळापत्रकातली फार हुशारीची गोष्ट आहे. समजा, ती गाडी रात्री परत आणली, तर येताना रिकामी येणार. पहाटे गावातली माणसं आणायला पुन्हा पाठवली, तर जाताना रिकामी जाणार. दोन रिकाम्या फेऱ्यांचं डिझेल आणि ड्रायव्हर-कंडक्टरचे तास वाचवायचे तर एकच उपाय, गाडीला गावातच झोपवायचं. गावालाही ते हवं असतं. रात्री देवळापुढे गाडी उभी असली की सकाळी तालुक्याला जायची खात्री असते. रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, बाळंतपणाची वेळ आली, तरी दारात एक वाहन आणि ते चालवणारा माणूस आहे, एवढा आधार पूर्वीच्या काळी फार मोठा होता.

रात्री साडेसात-आठला ती येते. देवळापुढच्या किंवा शाळेपुढच्या मोकळ्या जागेत कंडक्टर खाली उतरून मागे जातो, पत्र्यावर थाप मारत “येऊ दे, येऊ दे” करतो आणि गाडी तोंड वळवून, सकाळच्या दिशेला नाक करून उभी राहते. हे वळवणं रात्रीच उरकतात, पहाटेच्या अंधारात ते काम नको म्हणून. ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपायची सोय ग्रामपंचायतीच्या खोलीत, कुणाच्या पडवीत, नाहीतर गाडीतच सीटवर वळकटी पसरून. पहाटे पाच-साडेपाचला इंजिन सुरू होतं. काच वर्तमानपत्राच्या कागदाने पुसली जाते. त्या घरघरीवर अख्खं गाव उठतं, गजर लावायची गरज पडत नाही.

तर पहिला धडा असा की तालुक्याच्या गावात मुक्काम करू नका. गाडी जिथे झोपते तिथे झोपा. समुद्रकाठच्या गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय आता बहुतेक ठिकाणी असते. संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने जायचं, गाडी उतरवेल तिथून चालत घर गाठायचं, दुसरा सगळा दिवस समुद्रावर आणि गावात काढायचा, आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघायचं. मग वेळापत्रक तुमच्याविरुद्ध जात नाही, तुम्हीच त्या गावचे होऊन जाता. मात्र चौकशीच्या खिडकीवर “गाडी कधी आहे?” एवढंच विचारू नये. विचारायचं ते असं: “शेवटची कुठली, मुक्कामी आहे का, आणि कुठल्या मार्गे जाते?” पाटीवरचा ‘मार्गे’ हा शब्द जे वाचत नाहीत त्यांचे हाल मी पाहिले आहेत. एकाच गावाला दोन वाटांनी जाणाऱ्या गाड्या असतात. एक अर्ध्या तासात नेते, दुसरी सात वाड्या हिंडून दीड तासाने.

हे झालं गावापुरतं. त्याहून मोठी अडचण नकाशाची आहे.

उजवा हात टेबलावर पालथा ठेवा आणि बोटं डावीकडे, म्हणजे पश्चिमेला करून फाकवा. पंजा म्हणजे तालुक्याचं गाव, बोटं म्हणजे तिथून समुद्राकडे जाणारे रस्ते, आणि बोटांच्या टोकांवर बंदरं. दापोलीहून एक बोट हर्णैला जातं, एक आंजर्ल्याकडून केळशीला, एक लाडघरला, एक दाभोळला. पंजातून टोकाला जायला गाडी मिळते. टोकावरून शेजारच्या टोकावर जायचं तर बहुधा आधी पंजात परत यावं लागतं. दोन बोटांच्या मध्ये खाडी असते, नाहीतर डोंगराची सोंड असते. किनाऱ्या-किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेला जाणारी सलग एसटी शोधू नये, ती जवळपास नसतेच. रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग करायची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतानापासून, म्हणजे 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून ऐकतो आहोत. सगळ्या खाड्यांवर पूल अजूनही झालेले नाहीत.

याचं कारण जुनं आहे. कोकणात उत्तर-दक्षिण प्रवास जमिनीवरून होतच नसे, तो पाण्यावरून होई. जमिनीवरचे रस्ते होते ते पूर्व-पश्चिम, बंदरातून घाट चढून देशावर जाणारे. चिपळूणहून कुंभार्ली चढून कऱ्हाड, तळकोकणातून फोंडा किंवा करूळ चढून कोल्हापूर, सावंतवाडीहून आंबोली चढून बेळगाव. बंदरात माल उतरायचा, बैलांवर लादून वर जायचा. दाभोळ हे आज आपल्याला खाडीकाठचं निवांत गाव वाटतं. पण पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन हिंदुस्थानातली भटकंती संपवून परतीच्या गलबतात चढला तो याच दाभोळला. तेव्हा दाभोळहून होर्मुझ जवळ होतं आणि शेजारचं जयगड लांब, असं म्हटलं तरी फारशी अतिशयोक्ती नाही.

आणि ज्याला बोट मिळत नसे तो चालत असे. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे, पुढचे महर्षी, शाळकरी वयात परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले होते, भर पावसात, घाट चढून. चार दिवस चालून पोचले, आणि परीक्षकांनी वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. आज मुरुडहून साताऱ्याला एसटीने गाड्या बदलत का होईना एका दिवसात पोचता येतं. गाडी बदलायचा कंटाळा आला की मी कर्व्यांची ही गोष्ट आठवतो, आणि कंटाळा निमूट गिळतो.

बोटींची आठवण अजून सत्तरी-ऐंशीतल्या माणसांकडे आहे. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत जायची. बऱ्याच बंदरांत ती काठाला लागतच नसे. दूर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं किनाऱ्याला आणलं जायचं. शेवटचा टप्पा कसा गाठायचा हा आजच्या वाहतूक तज्ज्ञांचा आवडता प्रश्न कोकणाने पडावात बसून सोडवलेला होता. पावसाळ्यात बोटी बंद, की कोकण मुंबईपासून तुटलं. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमाराला, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि 600हून अधिक माणसं गेली. रायगड जिल्ह्यात अशी गावं आहेत जिथे ही तारीख अजून घरातली तारीख आहे. त्यानंतर वर्षभराच्या आतच, 1 जून 1948 रोजी, पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर लाल गाडी यायला त्यानंतरही वेळ लागला. पण आली, आणि हळूहळू बोटी मागे पडल्या.

आता रेल्वे. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झालं. त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री होते, हा योग पुन्हा जुळणं कठीण होतं. अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग आठ वर्षांत झाला, आणि 26 जानेवारी 1998 पासून सगळ्या मार्गावर गाड्या धावू लागल्या. नव्वदहून अधिक बोगदे, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच. या आकड्यांनी आपली छाती फुगते, पण प्रवाशाला त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा मार्ग समुद्राजवळून जात नाही.

जाऊ शकतच नव्हता. गाड्या वेगात न्यायच्या तर चढ अगदी सौम्य ठेवायचा, वळणं मोठी ठेवायची. नद्या समुद्राजवळ रुंद खाड्या होतात, तिथे पूल बांधणं म्हणजे खर्चाचा डोंगर. म्हणून मार्ग सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या सड्यांवरून, नद्या अजून अरुंद असतात तिथून नेला. त्याचा परिणाम असा की गाव एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे. रेल्वेने हे लपवून ठेवलेलं नाही, स्टेशनच्या नावातच सांगितलं आहे. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. नावापुढे ‘रोड’ लागलं की समजायचं, इथे उतरून पुढे रस्ता धरायचा आहे. नावात रोड नसलं म्हणून निर्धास्तही राहू नये. रत्नागिरी स्टेशन शहरापासून पाच-सहा किलोमीटर. मालवणला तर रेल्वे नाहीच. कुडाळला उतरायचं आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटर एसटी नाहीतर रिक्षा. मुंबईहून मालवणला निघालेला माणूस ‘सिंधुदुर्ग’ नावाचं स्टेशन पाहून किल्ल्याच्या आशेने उतरला, तर तो ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयाशी उतरतो. किल्ला समुद्रात आहे.

जून 2023 पासून मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. पावसाळा सोडला तर ती मुंबईहून खेडला तीन तासांत नेते. खेडहून हर्णैला पोचायला, वाट पाहण्याचा वेळ धरला, तर कधी कधी जवळजवळ तेवढेच तास लागतात. तेव्हा गाडी निवडताना ती किती वेगाने जाते यापेक्षा आपल्याला किती वाजता उतरवते हे पाहावं. रात्री अकराच्या सुमाराला मुंबईहून सुटणारी कोकणकन्या खेड-चिपळूणला फार पहाटे टाकते. एसटीचा दिवस अजून उजाडलेला नसतो, फलाटावर डुलक्या काढत बसावं लागतं. पण हीच गाडी कुडाळला सकाळी चांगल्या वेळी पोचवते, त्यामुळे मालवणला जाणाऱ्याला ती सोयीची. मांडवी एक्सप्रेस सकाळी निघते. तिच्यातलं खाणंपिणं प्रसिद्ध आहे, आणि रत्नागिरीला दुपारी उतरलात तर पुढची संध्याकाळची मुक्कामी गाडी आरामात मिळते. मला स्वतःला हीच आवडते.

तुतारीबद्दल एक सूचना. दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या राज्यराणीला 2017 मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून हे नाव दिलं. ती दादरहून मध्यरात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. शनिवारी रात्री जायचं तर तिकीट रविवारच्या तारखेचं काढावं लागतं. हे माहीत असूनही माझ्या घरात एकदा अख्ख्या कुटुंबाची तिकिटं आदल्या दिवसाची निघाली होती. काढणारा मीच होतो, त्यामुळे रागावायला कुणी मिळालं नाही.

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. गणपतीच्या दिवसांतल्या गाड्या उघडल्या-उघडल्या भरतात. त्या काळात कोकण चाकरमान्यांचं असतं, पर्यटकाने त्यांच्या वाटेत येऊ नये हे बरं. शिमग्यालाही तेच. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. दरडींची धास्ती असते म्हणून साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेग कमी ठेवतात आणि वेळा बदलतात. उन्हाळ्यात पाहून ठेवलेली वेळ जुलैत वापरू नका. मार्ग बहुतांश एकेरी असल्याने एखादी गाडी उशिरा आली की समोरच्या गाडीला ‘क्रॉसिंग’साठी कुठल्या तरी लहानशा स्टेशनात तिष्ठत राहावं लागतं. ती वीस मिनिटं मी वाया गेलेली धरत नाही. पण ज्यांची पुढे एसटी ठरलेली असते त्यांना ती फार लांब वाटतात, तेव्हा रेल्वे आणि एसटी यांच्यात निदान तासाभराची मोकळीक ठेवावी.

आता त्या बोटांच्या टोकांचं. टोकावरून टोकाला जाता येत नाही असं वर म्हटलं, त्याला एक सुंदर अपवाद आहे, तो म्हणजे फेरीबोट. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा. बोटीने दहा मिनिटं. 2003 पासून इथे गाड्या नेणारी फेरीबोट चालते, त्याआधी लहान होड्या होत्या. याच जातीच्या बोटी सावित्रीच्या मुखावर वेशवी-बागमांडल्याला आहेत, राजपुरीच्या खाडीत दिघी-आगरदांड्याला आहेत, शास्त्रीच्या मुखावर तवसाळ-जयगडला आहेत. या चार जागा नकाशावर जोडल्या की किनाऱ्याने मुरुड-जंजिऱ्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत एक वाट तयार होते, जी कुठल्याच वेळापत्रकात सलग छापलेली नाही.

दापोलीहून दाभोळची एसटी शेवटी उतारावरून खाली येते आणि एकदम पाणी दिसतं. धक्क्याजवळ विजापूरच्या काळातली जुनी मशीद आहे, घुमट-मिनारांची. बोट यायला वेळ असेल तर ती पाहून यावी. बोट येते ती तोंड वासूनच. पुढचा लोखंडी पूल साखळ्यांवर खाली येतो, काँक्रीटच्या उतारावर खरखरत टेकतो, पाणी थोडं मागे हटतं. आधी मोटारसायकली, मग मोटारी, एखादा टेम्पो. मदतनीस हाताने गाड्या इंच-इंच सरकवून बसवतो, आरसे मिटायला लावतो. पायी माणसांनी बाजूने चढायचं आणि लोखंडी जिन्याने वर जायचं. तिकीट अगदी किरकोळ. वरून डावीकडे खाडी आत चिपळूणच्या दिशेने जाते, उजवीकडे समुद्र आणि पलीकडच्या डोंगरावर अंजनवेलच्या बाजूचा वीज प्रकल्प, जो एन्रॉनच्या नावाने एके काळी रोज वर्तमानपत्रात असे.

या दहा मिनिटांत एक काम करून घ्यायचं. धोपाव्याला उतरल्यावर गुहागरची एसटी लगेच असेलच असं नाही. सहा आसनी रिक्षा मिळाली तर मिळाली. म्हणून वर बसून नुसतं पाणी पाहण्याआधी खाली जाऊन गाडीवाल्यांशी बोलावं. “गुहागरला जाताय का? दोघं आहोत.” मोटारीच्या बाहेर उभा असलेला माणूस बोटीवर जितका मोकळेपणाने बोलतो तितका रस्त्यावर कधीच बोलत नाही. मला तीनदा असं नेलं आहे आणि एकदाही पैसे घेतले नाहीत. एकाने तर पाटपन्हाळ्याच्या फाट्यावर चहाही पाजला. ही काही अधिकृत सार्वजनिक वाहतूक नव्हे, हे मान्य. पण तिच्यावाचून सार्वजनिक वाहतूक पुरी होत नाही.

गुहागरहून पुढे वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, तिथून पुन्हा बोटीने जयगड, आणि जयगडहून मालगुंड, गणपतीपुळे, रत्नागिरी. मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे. येताना तुतारीने आलात तर गाडीचं नाव ज्या घरातून निघालं तिथवर पायाने पोचता. या वाटेवर पंजात परत जावं लागत नाही, पण एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नये. गाड्या थोड्या आहेत. मध्ये एक रात्र गुहागरला, नाहीतर हेदवीला.

उत्तरेकडच्या टोकाला मात्र शेवटच्या टप्प्याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या काही लाँचच्या तिकिटातच पुढची अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. लाँचमधून उतरायचं, धक्क्यावरून चालत बसमध्ये बसायचं, दुसरं तिकीट नाही. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून सुरू झालेली मोठी रो-रो बोट आहे, ती पावसातही जाते. अलिबागला मुंबईकरांची एवढी गर्दी का, याचं अर्धं उत्तर त्या जोडतिकिटात आहे. रत्नागिरी किंवा कुडाळच्या स्टेशनबाहेर गाडीच्या वेळेला धरून किनाऱ्याची बस उभी असली, पाटी लावून, तर कितीतरी माणसं मोटार घरी ठेवून येतील, असं मला वाटतं.

पैशाचा भाग थोडक्यात. मार्च 2023 पासून एसटीत स्त्रियांना निम्मं तिकीट आहे, आणि ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. आठवडाभर भटकायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास काढावा. पुष्कळांना तो माहीतच नसतो. एक मर्यादा सांगून ठेवतो: पासाचा खरा फायदा लांबच्या फेऱ्यांत होतो. किनाऱ्यावरच्या वीस-वीस किलोमीटरच्या हेलपाट्यांत तो वसूल होईलच असं नाही.

त्या सव्वादोनच्या गाडीच्या गावाला मी पुढच्या वर्षी गेलो. या वेळी साडेपाचच्या मुक्कामी गाडीने. दोन रात्री राहिलो. तिसऱ्या पहाटे देवळापुढे आलो तेव्हा काच पुसून झाली होती आणि दोन कोळणी पाट्या वर चढवत होत्या. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो. गाडी सुटणार एवढ्यात एक बाई पदराने हात पुसत धावत आल्या, कंडक्टरकडे बघितलं, तो मागे तिकिटं फाडण्यात, म्हणजे आता मशीनवर काढण्यात गुंतलेला. मग त्यांनी खिडकीतून एक तीन पुडांचा डबा आत सरकवला आणि माझ्या मांडीवर ठेवला. अजून गरम होता.

“भाऊ, स्टँडवर माझा मुलगा येईल न्यायला. निळी सायकल.”

सव्वासातला गाडी स्टँडात शिरली. निळी सायकल चौकशीच्या खिडकीखालीच उभी होती.